निकालाची प्रतीक्षा : सँडहर्स्ट ते खडकवासला

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख द्यावा, अशी संपादक महाशयांची आज्ञा झाली, त्या सुमारास आमच्या घरी एक निराळेच वातावरण होते. प्रस्तुत लेखकाचा थोरला नातू खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला होता. निवड मंडळापुढील पाच दिवसांची कसोटी त्याने पार पाडली होती, वैद्यकीय तपासणीही आटोपली होती. आता केवळ अंतिम गुणवत्ता यादी लागावयाची राहिली होती. वैशाखाचे दिवस. घरात आंब्याची अढी लागली होती, लेकीबाळी माहेरी आल्या होत्या. पण या मुलाचे चित्त कशातच नव्हते. घटकेघटकेला हातातील फोन उघडून पाहावा आणि पुन्हा मिटावा, एवढाच त्याचा उद्योग चालला होता. एके दुपारी तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आजोबा, परीक्षेपेक्षा ही वाट पाहणेच कठीण आहे. तुमच्या वेळी असेच होते का हो?"

मी त्यास तत्काळ उत्तर दिले नाही. त्याच्या प्रश्नाचे एक उत्तर इतिहासात आहे, आणि दुसरे माझ्या स्वतःच्या आयुष्यात आहे. पहिले सांगणे सोपे. दुसरे सांगण्यास मला साठ-पासष्ट वर्षे लागली. दोन्ही उत्तरे येथे ज्ञातिबंधु-भगिनींपुढे ठेवीत आहे.

राष्ट्राचा अर्ज

लष्करात अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या तरुणाने निकालाची वाट पाहावी, ही गोष्ट आज आपणांस स्वाभाविक वाटते. परंतु दाराशी तिष्ठत उभे राहावयाचे तरी आधी दार असावे लागते, आणि ब्रिटिश अमदानीत हिंदी तरुणास ते दारच नव्हते. हिंदी शिपायाने पराक्रम करावा, जमादार व्हावे, सुभेदार व्हावे, फार तर सुभेदार-मेजर व्हावे. तेथे त्याची शिडी संपे. त्याच्या छातीवर पदकांची रांग असो की पदरी पंचवीस-तीस वर्षांची चाकरी असो, नुकताच मिसरूड फुटलेला गोरा सेकंड लेफ्टनंट त्याचा वरिष्ठच ठरे. राजाच्या सनदेचा अधिकारी, म्हणजे ज्यास इंग्रजीत किंग्ज कमिशन म्हणत ते मिळालेला, हा गोराच असावयाचा, असा तो दंडक होता.

या दंडकाविरुद्ध पहिला अर्ज कोणा एका तरुणाने केला नाही; तो राष्ट्राने केला. १८८७ साली मद्रास येथे राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली भरले. लष्करातील वरच्या जागा हिंदी लोकांस खुल्या कराव्यात आणि त्यासाठी या देशातच लष्करी विद्यालये स्थापावीत, अशी मागणी त्या अधिवेशनाने ठरावाने केली. या अर्जाचे उत्तर किती वर्षांनी आले, हे पुढे दिसेलच. दरम्यान १९०१ साली लॉर्ड कर्झन यांनी संस्थानिकांच्या व सरदारांच्या मुलांसाठी इंपीरिअल कॅडेट कोअर काढली. परंतु तीतून मिळणारी सनद गोऱ्या अधिकाऱ्याच्या सनदेच्या तोडीची नव्हती, आणि सामान्य घरातील मुलाचा तर तेथे प्रश्नच उद्भवत नव्हता.

पहिल्या महायुद्धात दहा लक्षांहून अधिक हिंदी शिपाई समुद्रापार गेले. फ्रान्सच्या चिखलात आणि मेसोपोटेमियाच्या वाळूत त्यांनी जे रक्त सांडले, त्यानंतर जुना दंडक जसाच्या तसा चालविणे राज्यकर्त्यांस अशक्य झाले. ऑगस्ट १९१७ मध्ये सनदेवरील बंदी उठल्याचे जाहीर झाले व नऊ हिंदी अधिकाऱ्यांस ती मिळाली. पुढील वर्षापासून इंग्लंडातील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी विद्यार्थ्यांसाठी जागा राखण्यात आल्या. किती? वर्षाकाठी दहा.

दहा जागा

पेशावरपासून मद्रासपर्यंत पसरलेल्या या खंडप्राय देशासाठी दहा जागा! आणि त्या दहांपर्यंत पोहोचण्याची वाटही सरळ नव्हती. मुलाने आपला अर्ज करावा, परीक्षेस बसावे आणि निकाल पाहावा, एवढ्याने भागत नसे. आधी जिल्ह्याच्या गोऱ्या अधिकाऱ्याची मर्जी, मग प्रांतिक सरकारची शिफारस, त्यानंतर वरिष्ठांपुढे परीक्षा व मुलाखत, आणि शेवटी सरसेनापती व व्हाइसरॉय यांची संमती, अशी ती उतरंड होती. घराण्याची राजनिष्ठा किती, वडिलांनी युद्धात सरकारास काय साहाय्य केले, याचीही चौकशी होई. निवड झालीच, तर बोटीचा प्रवास, विलायतेतील शिक्षण, गणवेश व राहणी यांचा खर्च बापाच्या शिरावर असे. मध्यम स्थितीतील गृहस्थास तो झेपण्यासारखा नव्हता.

अशा स्थितीत वाट पाहणे म्हणजे काय असेल, याची वाचकांनी कल्पना करावी. कागद कोणत्या टेबलावर पडला आहे हे कळण्यास मार्ग नाही. कोणी नाकारले, का नाकारले, हे कोणी सांगत नाही. मुलाच्या अंगचे गुण कमी पडले की बापाचे साहेबाकडील जाणे-येणे कमी पडले, याचा उलगडा जन्मभर व्हावयाचा नाही. ही प्रतीक्षा निकालाची नव्हती, कृपेची होती. निकाल प्रतिकूल लागला तर मनुष्य पुन्हा अभ्यासास लागतो. कृपा झाली नाही तर त्याने कशास लागावे?

तथापि त्या अरुंद फटीतूनही मोठी माणसे आत शिरली. युद्ध संपत आले असता इंदूरच्या डेली कॉलेजात उघडलेल्या तात्पुरत्या वर्गातून के. एम. करिअप्पा १९१९ साली अधिकारी झाले. कोल्हापुरात जन्मलेले एस. एम. श्रीनागेश सँडहर्स्टला जाऊन आले आणि पुढे १९५५ ते १९५७ या काळात भारताचे सेनाप्रमुख होते. कोल्हापूरकडीलच एस. पी. पी. थोरात १९२६ साली सँडहर्स्टहून सनद घेऊन बाहेर पडले. १९४५ साली ब्रह्मदेशातील कांगाव येथे जी निकराची लढाई झाली, तीत थिमय्या, थोरात व सेन हे तिघे हिंदी अधिकारी एकाच ब्रिगेडमध्ये आपापल्या पलटणीचे सेनानी होते, आणि तिघांसही डी. एस. ओ. हे मानचिन्ह मिळाले. हिंदी अधिकारी पलटण चालवू शकेल काय, ही शंका वीस वर्षांपूर्वी गंभीरपणे चर्चिली जात होती. तिला कांगावच्या टेकडीवर उत्तर मिळाले.

ती शंका किती खोल होती याचा एक दाखला महाराष्ट्राशी निगडित आहे. १९२३ साली सरसेनापती रॉलिन्सन यांनी आठ पलटणींची योजना जाहीर केली. सनद मिळालेले हिंदी अधिकारी या आठ पलटणींतच नेमावयाचे, म्हणजे कोणाही गोऱ्या अधिकाऱ्यावर हिंदी माणसाच्या हाताखाली काम करण्याचा प्रसंग येणार नाही, असा तिचा इत्यर्थ होता. त्या आठांत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी पलटण होती. दार उघडले खरे. पण आत गेलेल्यांस एका बाजूच्या खोलीत बसविण्याची ही तजवीज होती.

शिफारशीकडून स्पर्धेकडे

हे बदलले ते आपोआप नव्हे. मार्च १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी लष्करविषयक ठरावांची मालिकाच मांडली आणि सनदांपैकी निदान चतुर्थांश हिंदी तरुणांस मिळाव्यात अशी मागणी केली. १९२२ च्या मार्चमध्ये डेहराडून येथे कोवळ्या वयाच्या मुलांस सँडहर्स्टसाठी तयार करणारे विद्यालय निघाले. तेच आजचे राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज होय. १९२५ साली जनरल स्कीन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तीत पंडित मोतीलाल नेहरू होते (त्यांनी पुढे राजीनामा दिला), बॅरिस्टर जिना होते, मुंबईचे सर फिरोज सेठना होते. जिना, सेठना आणि जोरावर सिंग यांची उपसमिती इंग्लंड, फ्रान्स, कॅनडा व अमेरिका या देशांतील लष्करी शिक्षणसंस्था पाहून आली.

१९२६ च्या अखेरीस समितीने आपला अहवाल दिला. सँडहर्स्टमधील जागा दहाच्या वीस कराव्यात, आठ पलटणींची योजना सोडून द्यावी, १९३३ पर्यंत हिंदुस्थानातच लष्करी महाविद्यालय काढावे, आणि १९५२ पर्यंत निम्मे अधिकारी हिंदी असावेत, असा तिचा आराखडा होता. इतिहासाचा विनोद असा की, १५ जानेवारी १९४९ रोजी, म्हणजे त्या मुदतीच्या तीन वर्षे आधीच, करिअप्पा स्वतंत्र भारताच्या सेनेचे पहिले भारतीय सरसेनापती झाले होते.

१९३१ साली सरसेनापती चेटवूड यांच्या समितीने महाविद्यालयाचा तपशील ठरविला, आणि १ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडून येथे, पूर्वीच्या रेल्वे स्टाफ कॉलेजच्या इमारतीत, इंडियन मिलिटरी अकॅडमी चाळीस विद्यार्थ्यांसह सुरू झाली. १८८७ च्या अर्जाचे उत्तर असे पंचेचाळीस वर्षांनी आले. ज्यांनी तो ठराव केला त्यांपैकी बहुतेक तोवर इहलोक सोडून गेले होते.

त्या चाळीसांपैकी पंधरा जागा खुल्या स्पर्धापरीक्षेने, पंधरा सैन्यात चाकरीस असलेल्या जवानांतून आणि दहा संस्थानी फौजांतून भरावयाच्या होत्या. यांतील पहिल्या पंधरा जागांचे महत्त्व इतिहासाच्या विद्यार्थ्याने विशेष ध्यानी घ्यावे. येथे विलायतेचा खर्च नव्हता. येथे गुणानुक्रमाची यादी होती, आणि त्या यादीत मनुष्याचा क्रमांक लिहिलेला असे.

अमृतसरच्या एका पारशी डॉक्टरांच्या मुलास विलायतेस जाऊन वैद्यक शिकावयाचे होते. वडिलांनी वय लहान म्हणून नकार दिला. मुलगा रागावला आणि त्या रागाच्या भरात दिल्लीस जाऊन या नव्या प्रवेशपरीक्षेस बसला. यादी लागली तेव्हा पंधरांत त्याचा क्रमांक सहावा होता. त्याचे नाव साम माणेकशा. १९७१ च्या युद्धातील विजयाचे हे सेनापती पुढे भारताचे पहिले फील्ड मार्शल झाले. त्याच पहिल्या तुकडीतील महंमद मुसा पाकिस्तानचे आणि स्मिथ डन ब्रह्मदेशाचे सेनापती झाले. एका तुकडीतून तीन देशांचे सेनापती निघाले, आणि त्यांतील एक तर केवळ एका परीक्षेच्या यादीतून आला. शिफारशीची उतरंड कायम असती, तर रागावलेल्या त्या अठरा वर्षांच्या मुलाची दखल कोणी घेतली असती काय?

वाट पाहणारे आणि वाट करणारे

दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांची निकड इतकी वाढली की काही मिनिटांच्या मुलाखतीवर माणसे निवडली जाऊ लागली, आणि त्यांतील अनेक निवडी फसल्या. म्हणून १९४३ पासून इंग्लंडच्या धर्तीवर नवी निवड मंडळे आली. मानसशास्त्रज्ञ, गटाची परीक्षा घेणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी अशा तिघांनी उमेदवारास काही दिवस जवळ ठेवून तीन बाजूंनी पारखावयाचे, ही ती पद्धती. आज चालू असलेली पाच दिवसांची कसोटी ही तिचीच संतती होय. या पद्धतीचा गुण असा की कोणा एकाची मर्जी वा गैरमर्जी तीत निर्णायक ठरू नये, अशी तिची रचनाच आहे.

परंतु यादीत नाव लागणे हा सेनेतील अधिकारपदाचा एकमेव मार्ग कधीच नव्हता, हे आपल्या तरुणांनी विसरू नये. कारवारजवळील चेंडिया गावचे रामा राघोबा राणे १९४० साली बाँबे इंजिनिअर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशची लढाई त्यांनी पाहिली, पायरी-पायरीने चढले, आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. अवघ्या चार महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा ते राजौरी या मार्गावर शत्रूच्या माऱ्याखाली सुरुंग काढून, आडवे टाकलेले वृक्ष दूर करून, त्यांनी आपल्या रणगाड्यांस वाट करून दिली. त्यांस परमवीरचक्र मिळाले. इतर वाट पाहत होते तेव्हा हा पुरुष वाट चालत होता, आणि वेळ आली तेव्हा त्याने दुसऱ्यांसाठी वाट केली.

खडकवासला

स्वातंत्र्यानंतर तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांनी एकत्र शिकावे, हा विचार पुढे आला. १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडून येथे जॉइंट सर्व्हिसेस विंग सुरू झाली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबर रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पुण्याजवळ खडकवासला येथे कोनशिला बसली, आणि जानेवारी १९५५ मध्ये राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे उद्घाटन झाले. तेथील मुख्य वास्तूस सूदान ब्लॉक असे नाव आहे. महायुद्धात हिंदी सैनिकांनी सूदानच्या रक्षणार्थ जे बलिदान केले, त्याच्या स्मरणार्थ त्या देशाने एक लक्ष पौंडांची देणगी दिली होती. फाळणीनंतर भारताच्या वाट्यास आलेले सत्तर हजार पौंड या कार्यी लागले. ज्या शिपायांस अधिकारी होण्याचे स्वप्नही पाहता आले नाही, त्यांच्या रक्ताच्या मोलाने त्यांच्या नातवंडांच्या विद्यालयास हातभार लागला.

पुढे महाराष्ट्राने आपल्या मुलांसाठी सोयी केल्या. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यास निघाली, आणि १९७७ साली औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, राज्य शासनाची सेवापूर्व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. प्रबोधिनीची परीक्षा लोकसेवा आयोग वर्षातून दोन वेळा घेतो. लेखी परीक्षेस नऊशे गुण व निवड मंडळाच्या कसोटीस नऊशे गुण, असा अठराशेंचा हिशेब असतो.

मात्र एक दार फार उशिरा उघडले. १८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने मुलींस या परीक्षेस बसण्याची मुभा मिळाली. २०२२ साली एकोणीस मुली खडकवासल्यास दाखल झाल्या, आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या तुकडीतील सतरा जणी मुलांच्या खांद्यास खांदा लावून संचलन करीत बाहेर पडल्या. १९१८ साली दहा जागा मिळाल्या तेव्हा त्या अल्प म्हणून कोणी नाकारल्या नाहीत. त्यांतूनच पुढचे सारे घडले. आपल्या घरातील मुलीने हा अर्ज भरू द्या म्हटले, तर वडीलधाऱ्यांनी हा इतिहास आठवावा.

माझे उत्तर

आता दुसरे उत्तर. प्रस्तुत लेखकानेही सोळा-सतरा वर्षांचा असताना ही परीक्षा दिली होती. प्रबोधिनी खडकवासल्यास येऊन तेव्हा दोन-तीन वर्षेच झाली होती. निवड मंडळाचा अनुभव चांगला आला होता. परंतु माझ्या वडिलांची पिढी साहेबाच्या मर्जीच्या दिवसांत वाढलेली. त्यांस राहवेना. ते मला घेऊन एका वजनदार गृहस्थांकडे गेले. गृहस्थांनी चहा पाजला, "काळजी नसावी" म्हणून सांगितले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरी यादीची वाट पाहणे थांबून त्या गृहस्थांच्या निरोपाची वाट पाहणे सुरू झाले. निरोप आला नाही. यादी आली, वर्तमानपत्रात छापून. तीत माझे नाव नव्हते.

वडील मला रागावले नाहीत. परंतु त्या दिवसापासून त्यांनी त्या विषयाचा उच्चार केला नाही, आणि मीही केला नाही. वयाच्या हिशेबाने आणखी दोन वेळा परीक्षेस बसता आले असते. मी बसलो नाही. का, असे आज कोणी विचारील तर उत्तर एकच आहे : लाज वाटली. आपल्यात गुण कमी पडले यापेक्षा आपली शिफारस कमी पडली, असे मनाने घेतले, आणि जेथे शिफारस लागते तेथे पुन्हा श्रम कशास, असे वाटले. वस्तुतः त्या गृहस्थांच्या हातात काहीच नव्हते. यादी गुणांचीच होती. ज्या कृपेच्या प्रतीक्षेतून सुटण्यासाठी देशाने पंचेचाळीस वर्षे काढली, ती आम्ही आपण होऊन घरात परत आणली, एवढेच घडले.

म्हणून नातवास मी सांगितले ते असे. तू ज्याची वाट पाहत आहेस ती कोणाची मर्जी नव्हे, तुझ्या गुणांची बेरीज आहे. ती करून झाली आहे. तुझ्या पाहण्याने तीत एक गुण वाढावयाचा नाही आणि एक कमी व्हावयाचा नाही. फोन ठेव, आंबा खा, सकाळी धावण्यास जा. नाव असेल तर उत्तमच. नसेल तर पुढील परीक्षेचा अर्ज भरावयाचा, आणि मी करू शकलो नाही ते तू करावयाचे. त्याने ते ऐकून घेतले. पटले की नाही, हे धावण्यास कितीसा गेला त्यावरून ठरवावे लागेल.

ज्ञातिबंधूंस एक विनंती करून लेख संपवितो. ज्यांच्या घरी असा मुलगा वा मुलगी निकालाकडे डोळे लावून बसली असेल, त्यांनी कृपा करून कोणाकडे चिठ्ठी घेऊन जाऊ नये. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी यादीत नाव न आल्यास दुखवट्यास आल्यासारखे येऊ नये. हा लेख छापखान्यात जात आहे तोवर आमच्याकडील यादी लागलेली नाही. स्मरणिका आपल्या हाती पडेल तेव्हा लागलेली असेल. वार्षिक संमेलनात भेट झाल्यास निकाल अवश्य विचारावा. तो कसाही असला तरी आम्ही तो मान ताठ ठेवून सांगू.